अँटीबॉडीचा लॉट बदलला आणि एका पट्ट्याचे तीन झाले. कोणाला अनुभव?

नळीवाली | सोमवार, रात्री ११:४०

लॅबमधूनच लिहितेय. मेम्ब्रेन धुवायला ठेवलंय, दहा-दहा मिनिटांचे तीन वॉश. तेवढ्यात हा धागा.

मी पुण्यात पीएचडी करते, चौथं वर्ष. विषय टीडीपी-४३ नावाचं प्रथिन. हे आरएनएला धरून बसणारं प्रथिन, मुक्काम पेशीच्या केंद्रकात, काम आरएनएची कापाकापी नीट होतेय ना यावर लक्ष ठेवायचं. १९९५ मध्ये एचआयव्हीवरच्या कामात सापडलं तेव्हा त्याला कोणी फारसं विचारलं नव्हतं. २००६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या गटाने दाखवलं की एएलएस झालेल्या माणसांच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत जे गोळे दिसतात ते याच प्रथिनाचे आहेत. (एएलएस म्हणजे स्टीफन हॉकिंग यांना होता तो आजार.) तेव्हापासून याचं नशीब फळफळलं. आजारात ते केंद्रक सोडून बाहेर येतं, गोळा होतं, त्याचे तुकडेही पडतात. त्यातला २५ किलोडाल्टनचा (प्रथिनाचं वजन मोजायचं माप) तुकडा आमच्या क्षेत्रात जरा सेलिब्रिटी आहे.

आता रडगाणं. उंदराच्या मज्जारज्जूचा वेस्टर्न ब्लॉट. दीड वर्षापूर्वी आमच्या सिनियर ताईने (ती आता जर्मनीत) याच अँटीबॉडीने केलेल्या ब्लॉटवर ४३ ला एकच सुरेख पट्टा आहे. मी गेल्या महिन्यात आलेल्या नव्या लॉटने, म्हणजे नव्या खेपेने, केला तर ४३ आहेच, शिवाय वर पन्नासच्या आसपास एक जाडजूड आणि खाली बरोब्बर २५ वर एक. आजारी उंदरांत जास्त, साध्यांत थोडा फिका. सर २५ चा पट्टा बघून खूश. "साध्यांतला वयामुळे असेल. पेपर आहे हा!"

मला वाटतं लॉट गंडलाय. बाटलीत शंभर मायक्रोलिटर असतं, म्हणजे दोन थेंब. माझी फेलोशिप ४२,००० आणि बाटली त्याहून महाग. दुसरी मागवू या म्हणायची हिंमत नाही.

प्रश्न: लॉट बदलला की अँटीबॉडी बदलते का? आणि सरांना कसं सांगू?

खडूस_पेशवा | सोमवार, रात्री ११:५२

नाचता येईना, लॉट वाकडा.

शून्य_एक | मंगळवार, सकाळी ८:१५

वाचायला मजा आली, कळलं काहीच नाही. मी प्रोग्रामर माणूस. पट्टा, लॉट, वॉश वगैरे जरा इस्कटून सांगा की.

बोस्टनकर | मंगळवार, सकाळी ९:०५

सांगतो, वेस्टर्न ब्लॉट कसा चालतो ते. समजा लग्नाच्या हॉलमध्ये पाचशे माणसं आहेत आणि तुम्हाला जोशीकाका शोधायचेत. पेशींचा काला म्हणजे तो हॉल, त्यात हजारो प्रथिनं. आधी सगळ्यांना जेलमधून पळवून उंचीनुसार रांगेत उभं करायचं, लहान खाली, मोठे वर. मग ती रांग कागदासारख्या पडद्यावर उतरवायची. मग अँटीबॉडी सोडायची, जी फक्त जोशीकाकांच्याच कोटाला चिकटते. ती स्वतः दिसत नाही, म्हणून मागून दुसरी अँटीबॉडी, म्हणजे सेकंडरी. ती कॅमेरामन समजा. त्याला जोशीकाका माहीत नाहीत. त्याला एवढंच सांगितलेलं असतं की पहिली अँटीबॉडी दिसेल तिथे फ्लॅश मार. जिथे फ्लॅश, तिथे पट्टा.

अडचण अशी की काही अँटीबॉड्या "अहो जोशी!" अशी हाक मारतात आणि चार जण वळून बघतात.

@नळीवाली, यात तू एकटी नाहीस. मॉन्ट्रियलच्या एका गटाने २०१९ मध्ये एएलएसमधल्याच सी९ओआरएफ७२ या प्रथिनाच्या बाजारातल्या १६ अँटीबॉड्या तपासल्या. जनुक काढून टाकलेल्या पेशींतही पट्टा येतो का, एवढी साधी परीक्षा. पेपरांत सर्रास वापरलेल्या त्यातल्या काही सपशेल नापास झाल्या. मग २०२३ मध्ये त्या मंडळींनी आणि साथीदारांनी ६५ प्रथिनांसाठीच्या ६१४ अँटीबॉड्यांचा निकाल लावला. जिच्यावर लोकांनी पेपर काढलेत अशी नापास अँटीबॉडी हुडकायला फार खोदावं लागलं नाही. गंमत म्हणजे कंपन्याही त्यात सामील होत्या, आणि बऱ्याच बाटल्या त्यांनी स्वतःच कॅटलॉगमधून काढल्या.

टीडीपी-४३ चं जनुक सरसकट उडवता येत नाही, त्याच्याशिवाय उंदराचा गर्भच जगत नाही. तेव्हा पेशींमध्ये एसआयआरएनए (त्या जनुकाचा निरोप अडवणारे आरएनएचे छोटे तुकडे) देऊन प्रथिन कमी कर. ७२ तास थांब, हे प्रथिन हळूहळू जातं. जो पट्टा फिका होईल तो खरा.

मिरजेची_मावशी | मंगळवार, सकाळी १०:३०

विषय छान आहे, पण अँटीबॉडीला चांगला "प्रतिपिंड" शब्द असताना सगळे अँटीबॉडी, अँटीबॉडी काय चाललंय?

खडूस_पेशवा | मंगळवार, सकाळी १०:३४

मावशी, प्रतिपिंड म्हटलं की मला कावळा दिसतो. शिवत नाही तो.

मिरजेची_मावशी | मंगळवार, सकाळी १०:४१

शिवत नाही कारण लॉट गंडलाय.

बर्फवाला | मंगळवार, दुपारी १:२०

मी असल्या गोष्टी विकतो, आठ वर्षं झाली, म्हणून शिव्या खायच्या तयारीने लिहितोय.

लॉट बदलला की अँटीबॉडी बदलते का, याचं उत्तर ती कुठली यावर आहे. पॉलिक्लोनल असेल तर हो. एका सशाचं रक्त संपलं की दुसरा ससा, आणि दोन सशांची मतं जुळत नाहीत. मोनोक्लोनल एकाच पेशीच्या वंशातून येते, तिने बदलायचं कारण नाही. कोहलर आणि मिल्स्टाइन यांनी केंब्रिजमध्ये १९७५ ला ती युक्ती काढली आणि १९८४ ला नोबेल घेतलं. पेटंट मात्र घेतलं नाही. घेतलं असतं तर आमचे भाव काय असते विचारू नका.

उरला प्रवास. परदेशातून निघालेलं खोकं कस्टममध्ये अडकतं. मग शुक्रवारी संध्याकाळी संस्थेच्या गेटवर येतं, लॅब बंद असते, आणि वॉचमन ते स्वतःच्या डब्याशेजारी ठेवतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. डबा फ्रिजमध्ये होता आणि खोकं फ्रिजच्या वर.

तरीसुद्धा, ताई, उन्हात शिजलेली अँटीबॉडी मरते. पट्टा फिका होतो, नाहीसा होतो. एकाचे तीन होत नाहीत.

नळीवाली | मंगळवार, दुपारी २:०५

बर्फवाला, हे पटलं आणि म्हणूनच टेन्शन वाढलं.

बोस्टनकर, आमच्याकडे एनएससी-३४ पेशी आहेत, उंदराच्याच. उद्या एसआयआरएनए देते. निकाल पुढच्या आठवड्यात.

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, रात्री १०:१५

नाशिकला पॅथॉलॉजिस्ट आहे. थोडं अवांतर, पण विषयाला धरून.

तुम्ही आरएनए-प्रथिनांच्या अँटीबॉडीसाठी एवढे पैसे मोजता. आमच्याकडे पेशंट त्या स्वतःच्या रक्तात घेऊन येतात! सांधे दुखतात, चेहऱ्यावर चट्टा येतो, म्हणून एएनए तपासणी करतो, म्हणजे स्वतःच्याच केंद्रकाविरुद्धच्या अँटीबॉड्या शोधतो. काचेवर माणसाच्या पेशी चिकटवलेल्या असतात, त्यावर पेशंटचं सीरम टाकायचं आणि अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. केंद्रकभर हिरवी रांगोळी टिंबटिंब उमटली की पुढची यादी मागवतो: एसएम, आरओ, एलए. यातलं एसएम म्हणजे स्मिथ, ते प्रतिपिंड (मावशी, बघा) ज्या ल्युपसच्या (शरीर स्वतःवरच उलटतं तो आजार) पेशंटमध्ये १९६६ मध्ये पहिल्यांदा वर्णन केलं तिचं आडनाव. आरओ आणि एलएसुद्धा पेशंटच्या आडनावांची पहिली दोन अक्षरं. आणि ही तिन्ही आरएनएशी जोडलेली प्रथिनं.

१९७९-८० च्या सुमारास येल विद्यापीठात जोन स्टाइट्स आणि त्यांचे विद्यार्थी मायकेल लर्नर यांनी अशाच ल्युपसच्या पेशंटांचं सीरम घेतलं आणि त्याने पेशीतले ते कण ओढून काढले. आरएनएची कापाकापी करणारी यंत्रणा अशी हाती लागली. कुठल्या कंपनीने बनवलेली नव्हती ती अँटीबॉडी, आजारी बायकांच्या शरीराने स्वतःविरुद्ध बनवलेली होती.

आरओ पॉझिटिव्ह आला की मी गरोदर बाईच्या डॉक्टरांना लगेच फोन करतो, कारण ती अँटीबॉडी वारेतून बाळाकडे जाते आणि क्वचित बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावतात.

शून्य_एक | मंगळवार, रात्री १०:५०

डॉक्टर, हा वेगळा धागा काढा, प्लीज.

आणि बोस्टनकरांना एक बाळबोध प्रश्न. अँटीबॉडी म्हणजे आमच्या भाषेत सर्च स्ट्रिंग. मग ती अख्ख्या प्रथिनाला ओळखते की त्यातल्या एखाद्या शब्दाला?

बोस्टनकर | बुधवार, सकाळी ७:३०

शब्दाला. त्याला एपिटोप म्हणतात. काही मोजक्या अमिनो आम्लांचा तुकडा.

शून्य_एक | बुधवार, सकाळी ७:४४

मग फाइलचा दुसरा अर्धाच भाग उरला असेल आणि माझी सर्च स्ट्रिंग पहिल्या अर्ध्यातली असेल तर मॅच येणारच नाही. तुमचा तो २५ चा तुकडा कुठल्या अर्ध्यातला?

बोस्टनकर | बुधवार, सकाळी ८:०२

अरे वा. शेपटीकडचा. टीडीपी-४३ मध्ये ४१४ अमिनो आम्लं, आणि हा तुकडा साधारण २०८ व्यापासून पुढचा. एएलएसमधली बहुतेक म्युटेशन्सही शेपटीतच आहेत. @नळीवाली, तुझ्या अँटीबॉडीचा एपिटोप कुठे आहे ते डेटाशीटवर बघ.

चिमटा | बुधवार, दुपारी १२:१०

सव्वीस वर्षं तंत्रज्ञ होतो, आता निवृत्त. उगाच दोन गोष्टी.

पन्नाससाठी सशाची आणि २५ साठी उंदराची असं कोणी करत नाही म्हणून विचारतो: एकाच बाटलीतून तिन्ही पट्टे ना? आणि ब्लॉकिंग, म्हणजे पडद्यावरच्या रिकाम्या जागा बुजवणं, कशात करता? दुधात? साधा टीडीपी असेल तर स्किम मिल्क पावडर चालेल. पण फॉस्फो अँटीबॉडी (फॉस्फेट चिकटलेलं प्रथिनच ओळखणारी) लावणार असाल, ती ४०९-४१० वाली, तर दूध नको, बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घ्या. दुधातलं केसिन स्वतःच फॉस्फोप्रथिन आहे. एका पोराने तीन महिने काळा पडदा बघितला होता माझ्यासमोर.

नळीवाली | बुधवार, दुपारी १२:४०

काका, एकाच बाटलीतून. ब्लॉकिंग बीएसएमध्येच.

डेटाशीट बघितली. एपिटोप पहिल्या शंभरातच आहे. मग २५ दिसायलाच नको ना? सरांना सांगितलं तर म्हणाले, "तुकडा वेगळ्या जागी कापला गेला असेल. नवीन तुकडा! अजूनच चांगलं." आता काय बोलू?

खडूस_पेशवा | बुधवार, दुपारी १२:४५

सरांचं जनुक उडवून बघ, पट्टा राहतो का.

सांजवात | शुक्रवार, रात्री ९:३०

मी सहसा फक्त वाचते. माझ्या यजमानांना हाच आजार होता. आधी उजव्या हाताचा अंगठा, शर्टाचं बटण लागेना. मग जीभ. रिल्युझोलच्या दोन गोळ्या रोज, सकाळ-संध्याकाळ, शेवटी शेवटी केळ्यात कुस्करून. तीन वर्षं दोन महिने.

तुमचं बरंचसं डोक्यावरून गेलं, पण एक विचारते. हा २५ चा पट्टा खरा निघाला तर औषध मिळेल का?

बोस्टनकर | शुक्रवार, रात्री १०:२०

नाही काकू. लगेच तर नाहीच. जवळजवळ ९७ टक्के पेशंटांत टीडीपी-४३ चे गोळे सापडतात, म्हणून सगळे त्याच्या मागे आहेत. पण २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं टोफर्सन हे औषध आहे ते उरलेल्यांतल्या एका छोट्या गटासाठी, ज्यांच्या एसओडी१ जनुकात दोष आहे. टीडीपी-४३ वर थेट काम करणारं मान्यताप्राप्त औषध आज हातात नाही.

नळीवाली | पुढचा बुधवार, रात्री ८:१५

निकाल आला. पेशींमध्ये एकच पट्टा, ४३ वर. एसआयआरएनए दिल्यावर तो जवळजवळ गेला. ५० नाही, २५ नाही. म्हणजे अँटीबॉडी उत्तम, लॉट उत्तम.

आणि आता सर म्हणतात, "बघ! अँटीबॉडी चांगली आहे, म्हणजे मज्जारज्जूतला २५ खराच आहे!" सोमवारच्या लॅब मीटिंगमध्ये मांड म्हणालेत. मला आत कुठेतरी खुटखुटतंय, पण मुद्दा सापडत नाहीये.

चिमटा | बुधवार, रात्री ९:००

बाळ, ती अँटीबॉडी कुठल्या प्राण्यात बनवलीय?

नळीवाली | बुधवार, रात्री ९:०२

उंदरात. माऊस मोनोक्लोनल.

चिमटा | बुधवार, रात्री ९:०३

आणि मज्जारज्जू कोणाचा?

नळीवाली | बुधवार, रात्री ९:०४

उंदरा

नळीवाली | बुधवार, रात्री ९:०४

अगं बाई.

शून्य_एक | बुधवार, रात्री ९:१५

मला कोणीतरी सांगा काय झालं. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

चिमटा | बुधवार, रात्री ९:४०

कॅमेरामनला काय सांगितलंय? उंदराची अँटीबॉडी दिसेल तिथे फ्लॅश मार. पण ऊतकच उंदराचं. त्यात उंदराचं रक्त, रक्तात उंदराच्या स्वतःच्या अँटीबॉड्या, त्या आधीच हॉलमध्ये बसलेल्या. कॅमेरामन बिचारा त्यांचेही फोटो काढतो. नमुना उकळताना मर्कॅप्टोइथेनॉल टाकलं की अँटीबॉडी सुटी होते: जड साखळी ५० किलोडाल्टनची, हलकी २५ ची. पेशी बशीत वाढलेल्या, त्यांत रक्त नाही, म्हणून तिथे पट्टे नाहीत.

उद्या एक पट्टी कापून घे. प्रायमरी टाकूच नकोस, नुसती सेकंडरी लाव. आणि एक सांग, ते उंदीर परफ्यूज केले होतेस का?

नळीवाली | गुरुवार, सायंकाळी ७:३०

लावली. ४३ गायब. ५० आणि २५ जागच्या जागी, ठसठशीत.

आणि काका, नाही, परफ्यूज केले नव्हते. सिनियर ताई प्रत्येक उंदराच्या हृदयातून सलाईन सोडून रक्त पूर्ण धुवून काढायची, यकृत पांढुरकं होईपर्यंत. माझ्या वेळी पंप चालत नव्हता, एका दिवसात पंधरा उंदीर करायचे होते. मी म्हटलं, वेस्टर्नच तर करायचाय, थोड्या रक्ताने काय बिघडतंय. आजारी उंदरांत पट्टा जास्त का, तर ते मी शेवटी घेतले होते, हात भरून आलेले, ऊतक धड पुसलंही नव्हतं. लॉटचा काही संबंध नाही. दोन आठवडे त्या बाटलीला शिव्या घालत होते.

खडूस_पेशवा | गुरुवार, सायंकाळी ७:४१

काखेत कळसा आणि गावाला ६१४ अँटीबॉड्यांचा वळसा.

बोस्टनकर | गुरुवार, रात्री ८:१०

चिमटाकाका, साष्टांग. मी एवढे पेपर सांगितले आणि "कोणाची" हे विचारलंच नाही. @नळीवाली, मूळ प्रश्न राहिलाय म्हणून: लॉट या वेळी निर्दोष निघाला तरी सवय लाव. जुन्या लायसेटच्या (पेशींच्या काल्याच्या) काही नळ्या उणे ऐंशीत राखून ठेव आणि नवी बाटली आली की जुनी-नवी शेजारीशेजारी चालव. आणि नुसत्या सेकंडरीची लेन दर वेळी.

बर्फवाला | गुरुवार, रात्री ८:३०

उंदराच्या ऊतकासाठी सशाची घ्या ताई, सेकंडरी अँटी-रॅबिट. रिकॉम्बिनंट मिळते, तिचा क्रम लिहून ठेवलेला असतो, सशांची भांडणं नाहीत. सॅम्पल बाटली असेल तर बघतो. वॉचमनला नाही, तुमच्या हातात देईन.

सांजवात | गुरुवार, रात्री ९:५०

म्हणजे तो पट्टा नव्हताच. बरं झालं शोधलंत. पेपरात आलं असतं, कोणीतरी मला व्हॉट्सअॅपवर पाठवलं असतं, आणि मी ते वाचून रात्रभर जागी राहिले असते की यांच्या वेळी का नाही सापडलं.

नळीवाली | सोमवार, दुपारी ३:२०

मीटिंग झाली. पहिलीच स्लाइड नुसत्या सेकंडरीची लावली. सर बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी पीएचडीत असताना हेच केलं होतं, आठ महिने." आणि चहा मागवला. बाकीच्यांनी गुपचूप आपापले जुने ब्लॉट उघडून बघितले, दोघांचे चेहरे उतरलेले होते.

काकू, तुमची पोस्ट मी तीनदा वाचली.

चिमटा | सोमवार, दुपारी ४:००

पंपाचं काय झालं?

नळीवाली | सोमवार, दुपारी ४:०५

उघडून बघितला. मोटर ठणठणीत. सिलिकॉनची नळी तडकली होती, ऐंशी रुपयांची. बदलली. उद्या सकाळी सात वाजता पहिला उंदीर.